कळांमध्ये विचारलेलं नाव

सन १७४३. तंबाखूची पानं कोठारांत वाळत टांगली होती, त्या दिवसांतली गोष्ट. व्हर्जिनियात आमच्या नदीकाठच्या सहा मळ्यांना सुईण मी एकटीच.

विनी ब्रिस्टलहून करारावर आलेली. जहाजाच्या भाड्यापोटी सात वर्षं राबायचं, मग मोकळी. सहा सरली होती. आणि तिला दिवस गेले.

आमच्याकडची रीत अशी, की लग्नाविना बाळंत होणारीच्या कळा टिपेला पोचल्या की सुईणीने हात आखडायचा आणि बापाचं नाव विचारायचं. त्या घडीला बाई खोटं बोलत नाही, ही समजूत. ते नाव चर्चच्या पंचांना कळवीन अशी मी शपथ घेतली होती. तिचा मला अभिमानही होता.

विनीच्या कळा सुरू झाल्या त्या दुपारी तिची मालकीण पीचचा मुरंबा ढवळायला गेली. जाताना म्हणाली, “नाव काढून घे हं टॅबी, उगाच मऊ पडू नकोस.”

विनी मक्याच्या सालपटांच्या गादीवर तळमळत होती. “मावशी, हात दे गं!”

“आधी नाव.”

“तुझ्यापेक्षा मालकिणीचं खेचर बरं! एक लाथ मारतं नि निघून जातं.”

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी ती किंचाळली, “कफी!”

कफी म्हणजे मळ्यावर पिंपं बनवणारा काळा गुलाम.

मुलगी झाली. चांगली गोरी. तिला छातीशी धरून विनी हळूच म्हणाली, “मावशी, ओवेन खलाशाचं नाव सांग. तो बुडाला, त्याचं आता काय बिघडणार? गोऱ्याची म्हटलं तर कायद्याने बांधलेली पोर अठराव्या वर्षी सुटेल. कफीची म्हटलं तर एकतीस वर्षं राबेल.”

“आणि माझी शपथ?”

“एकतीस वर्षं तुझी शपथ राबणार आहे का?”

 रविवारी पंचांपुढे उभी राहून मी खरं ते सांगितलं. “अशी इमानी सुईण शोधून सापडायची नाही,” असं सगळे म्हणाले. मालकिणीने मुरंब्याची बरणी दिली. ती मी खाल्लीसुद्धा.

आठवड्याच्या आत कफीला कॅरोलायनात विकलं. त्याचं अर्धवट पिंप कोठाराशी कितीतरी दिवस पडून होतं. लग्नाविना बाळंत झाली म्हणून विनीची मुदत वाढली, आणि ती मुदत संपताच, मूल गुलामाचं म्हणून, पंचांनी तिला आणखी पाच वर्षांसाठी दुसऱ्या मळ्यावर दिलं. पोर, डॉर्कस, इथेच ठेवली. तिथे चौथ्या वर्षी विनी तापाने गेली. उशाशी बाळाचं टोपडं होतं म्हणे.

त्यानंतर मी कुणालाच नाव विचारलं नाही. पंचांनी विचारलं की कानामागे हात धरते, “ऐकू येत नाही हो मला.” तीस वर्षं झाली, सगळा परगणा मला बहिरी समजतो.

डॉर्कस एकतिसाव्या वर्षी सुटली. तिची दोन मुलं मात्र सुटली नाहीत. बांधलेल्या आईची म्हणून तीही एकतीस वर्षं बांधलेली. सुटल्याच्या दिवशी ती माझ्या दारात आली. मी पाणी दिलं, तिने ते घेतलं नाही.

“माझ्या आईने खरंच नाव सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं.”

“आणि तेव्हा तुला ऐकू येत होतं?”

“येत होतं, बाळ. अगदी स्वच्छ येत होतं.”

ती वळली आणि मळ्याच्या वाटेने परत गेली, जिथे तिची मुलं होती.