जुन्या नावाची हाक

मित्रांनो, पणदऱ्यातल्या एका घरात, दूध डेअरीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला मी एक जुना वायफाय राउटर आहे. माझी एक अँटेना मोडली आहे. पाठीवर हळदीचा डाग आहे.

मला हिंदुरावआबांनी बारामतीहून आणलं. माझं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी चष्मा सावरून, एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'कौसल्या'. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. 'ऐकलं का' एवढंच म्हणायचे. कौसल्याबाई पदराआड हसल्या.

"आता साऱ्या वस्तीच्या फोनात माजं नाव दिसंल की."

"दिसू दे," आबा म्हणाले.

पुढे आबा गेले. त्यांचं सिमकार्ड बंद झालं, फोन उघडायची खूण कुणालाच ठाऊक नव्हती. तरी बाई तो रोज चार्ज करून फडताळात ठेवायच्या. आबांचे दोस्त, पळसदेवचे कुंडलिकराव, गेलेल्या माणसाला अजून सकाळी 'राम राम' पाठवायचे. तो निरोप माझ्याकडून जायचा आणि कुलूपबंद फोन टिंग वाजायचा. "आलं कुंडलिकभावजींचं," असं म्हणून बाई चहाचं आधण ठेवायच्या.

यंदा खंडेनवमीला मुलगा दिग्विजय पुण्याहून आला. त्यानं माझ्यात नवं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं आणि तो ट्रॅक्टर धुवायला गेला. माझा दिवा लुकलुकत होता. इकडे बाईंनी पूजेला कोयता, खुरपी, दूध काढायचं मशीन मांडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यानंबी वरीसभर राबून दिलंय," आणि मायेनं पिन उपसली. हळदीकुंकू लागलं तेव्हा माझी शुद्ध हरपली होती.

दुपारभर दिग्विजय खटपटत होता. त्यानं माझ्या पाठीतल्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली, मला वायरीनं लॅपटॉपला जोडलं आणि मूळ सॉफ्टवेअर पुन्हा आत घातलं.

"उठला बग आई."

उठलो, पण कोऱ्या पाटीसारखा. नाव नाही, पासवर्ड नाही. दिग्विजयनं दोन्ही नवे दिले आणि आपल्या व आईच्या फोनातले जुने पुसून टाकले.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला नाही.

"आरं, आबांचा फोन मुका का झालाय?"

"त्यात नवा पासवर्ड घालाय लागंल. पर त्यो उघडतोय कुठं?"

"मग ह्येच्यात जुनाच घाल की."

दिग्विजयनं मान खाली घातली. "जुना आबांनीच टाकला हुता समद्यांच्या फोनात. मी कदी इचारलाच न्हाय."

"तू कशाला वाईट वाटून घेतूस," बाई म्हणाल्या. "पिन मी उपसली."

मित्रांनो, दिवा लुकलुकत असताना यंत्राची पिन काढू नका. आणि जुनं काही पुसण्याआधी, त्यात कुणाचं काय अडकलं आहे ते घरात सगळ्यांना विचारा.

बाई तो फोन अजून चार्ज करतात. तो आपलं ओळखीचं नाव शोधत राहतो. माणसांना ते ऐकू येत नाही, मला येतं. फडताळातून तो घडीघडीला विचारतो, "कौसल्या, हायेस का?" ओ द्यायला माझं नाव आता कौसल्या नाही.