काचेखालचा चेहरा

“हा लावल्यावर मेलेलं माणूस कसं दिसतं, तेवढं सांगा,” अविराचन म्हणाला.

काउंटरपलीकडच्या दुकानदार पैंनी फिल्टर हातात तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. एर्नाकुलमच्या या बाजारात कॅमेऱ्याचं सामान विकण्यात त्यांची उमर गेली होती. हा पोलरायझर, काचेवरची नि पाण्यावरची चमक मारणारा फिल्टर, घ्यायला येणाऱ्यांना निळंशार आभाळ हवं असे, पाण्याच्या तळातले गोटे हवे असत, नाहीतर लग्नाच्या गाडीची काच चमकायला नको असे. मेलेलं माणूस मागणारा हा पहिलाच.

“मयताचे फोटो काढता काय?”

“चंगनाशेरीला. जन्मभर तेच करतोय. लग्नंही काढायचो, ती पोरांनी नेली. ती ड्रोन उडवतात. मयताला अजून ड्रोन लागत नाही, म्हणून माझी चूल पेटते.”

पै हसले आणि त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली. अविराचन त्यात बसला नाही, पडला. पहाटेची बस, साठी उलटलेले गुडघे आणि वर कालची जागून काढलेली रात्र. थकवा आता त्याच्या अंगावर सदऱ्यासारखा असायचा, सकाळी घालायचा आणि रात्री काढायला विसरायचा.

त्याने पैंना आपली अडचण सांगितली. पूर्वी सोपं होतं. माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी माती. उघड्या शवपेटीभोवती घरचे उभे राहत, हा आपल्या लोखंडी स्टुलावर चढून फोटो काढी. आता पोरं सगळी परदेशात. ती येईपर्यंत चार-चार दिवस मयत थंड पेटीत, आणि पेटीला वरून काच. त्या काचेत काय दिसत नाही? ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो, खिडकी दिसते, रडायला वाकलेल्यांचे शर्ट दिसतात. ज्याच्यासाठी जमलेत तो सोडून सगळे दिसतात.

“दिवे बंद करायचे.”

“केले. मग दारातला उजेड आडवा येतो. दार लावलं तर लोक म्हणतात, अविराचन, आम्हाला पण आत पुरतोस का.”

गेल्या महिन्यात तर कहर झाला होता. एका बड्या घरच्या आजोबांच्या फोटोत पंख्याचं पातं नेमकं ओठांवर आलं. मुलांनी अल्बम परत पाठवला. आमच्या अप्पच्चनना मिशी नव्हती, एवढंच कळवलं. तेव्हापासून चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्याला बघून ओठांवरून बोट फिरवत. त्याने ते हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन जेवला नव्हता.

आणि परवा अलियम्मा टीचर गेल्या.

टीचरांची मुलगी लिजी आयर्लंडमध्ये नर्स होती. तिचे तिथे राहायचे कागद नव्याने व्हायला गेले होते. आता देश सोडला तर परत आत घेणार नव्हते, आणि तिच्या पगारावर इथलं आई-भावाचं घर उभं होतं. तिचा पहिल्या कम्युनियनचा फोटो अविराचनने काढला होता. परदेशी जाण्यासाठीचा पासपोर्ट फोटोही त्यानेच. त्या वेळी ती हसत होती म्हणून त्याने तीनदा दटावलं होतं. काल तिने स्वतः फोन केला. “अच्चाया, बिनोय चेट्टा फोनवर दाखवतो, पण मला नुसती ट्यूब दिसते. मला अम्मच्चीचा चेहरा हवाय. घरातला. चर्चमध्ये बाहेर काढतील तेव्हा ती तिची राहणार नाही.”

ते खरं होतं. पेटीतून काढलं की इथल्या दमट हवेत चेहऱ्यावर दव धरतं. अविराचनने असे घामेजलेले मेलेले पुष्कळ पाहिले होते. काय करायचं ते घरात, काचेवरूनच करायला हवं होतं.

पैंनी तीन फिल्टर मांडले. पहिला इतका स्वस्त होता की अविराचनला त्याची दया आली. त्याने तो आपल्या नेसलेल्या पांढऱ्या मुंडूवर धरला. मुंडू पिवळट दिसायला लागला.

“ह्याने टीचरना कावीळ होईल,” तो म्हणाला. “मेल्यानंतर कशाला?”

दुसऱ्या टोकाचा परदेशी होता. बारीक कडा, गुळगुळीत फिरणारी रिंग, आणि किंमत ऐकून अविराचनने तो दोन्ही हातांनी खाली ठेवला. त्याची जुनी लेन्ससुद्धा आज तेवढ्याला कोणी घेतली नसती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

“मधला बघा,” पै म्हणाले. “नाव मोठं नाही. पण काच काचेसारखी आहे. मुंडू धरा.”

मुंडू पांढराच राहिला. रिंग जरा घट्ट होती, पण अडकत नव्हती. अविराचनने खुर्चीत बसल्या बसल्या तो डोळ्याला लावला आणि समोरच्या काउंटरच्या काचेकडे पाहत हळूहळू फिरवला. काचेवर आडवी पडलेली दुकानाची ट्यूब फिकी झाली, आणखी फिकी झाली आणि गेली. खालची लेन्सची झाकणं एकेक करून वर आली. त्याने पुन्हा फिरवला, ट्यूब परत आली.

“पोलरायझर उजेड खातो हं,” पै पैसे घेताना म्हणाले. “हात स्थिर ठेवा.”

“आणि समोरच्यांनी हलायचं नाही,” अविराचन म्हणाला. “त्यातला एक तरी हलत नाही, हे बरंय.”

टीचरांच्या घरी तो पोचला तेव्हा अंगणात मांडवाखाली खुर्च्या भरल्या होत्या आणि आत उदबत्ती, मेणबत्त्या आणि फुलांचा जड वास कोंडला होता. बिनोय, टीचरांचा मुलगा, तीन दिवसांची दाढी घेऊन दारातच भेटला.

“लिजी म्हणाली म्हणून तुम्हाला बोलावलंय. मिशी नको बरं का, अच्चाया.”

“नाही येणार.”

“अच्चन प्रार्थनेला निघालेत. ते आले की मग काही जमणार नाही.”

अच्चन म्हणजे चर्चचे धर्मगुरू; ते यायच्या आधी घरचा फोटो उरकायचा, ही रीतच होती. अविराचनने पायाच्या बाजूला आपलं स्टूल मांडलं आणि वर चढला. सगळ्या गावाला माहीत असलेलं ते स्टूल. ते दिसलं की लोक आपोआप डोळे पुसून सरळ उभे राहत. आताही घरचे पेटीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. धाकटे पुढे, थोरले उशाशी.

“नीट उभे राहा,” तो नेहमीसारखं म्हणाला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

काचेत ट्यूब होती. त्याने रिंग फिरवली. ट्यूब होती. उलटी फिरवली. ट्यूब होती, पंखा होता, बिनोयचा शर्ट होता, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी टीचर होत्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “मिशी निघेना वाटतं,” आणि कोणीतरी त्याला दटावलं.

अविराचनची कानशिलं तापली. पैंनी फसवलं. नाही, पैंनी कशाला फसवावं, आपलीच अक्कल. नव्या गोष्टी पोरांनी कराव्यात. घरी जावं, स्टूल माळ्यावर टाकावं. ह्या विचाराने त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण नुसतं हायसं वाटलं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. डावा गुडघा कळवळला. आता उभं राहवेना, तेव्हा तो खाली उतरला आणि स्टुलाच्या खालच्या पायरीवरच टेकला. फिल्टर मोडलाय की काय, म्हणून त्याने बसूनच कॅमेरा डोळ्याला लावला आणि रिंग फिरवली.

ट्यूब गेली.

कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी तशी गेली. पंखा गेला. शर्ट गेले. कपाळ दिसलं, चष्म्याचे नाकावरचे दोन वण दिसले, बारीक मिटलेले ओठ दिसले.

मग त्याला कळलं. दुकानात तो खुर्चीत बसला होता, काचेकडे तिरपं बघत. इथे मात्र सवयीने उंच चढून सरळ वरून बघत होता, आणि वरून बघणाऱ्याला हा फिल्टर काही उपयोगाचा नव्हता. जे त्याच्या डोक्याला सुचलं नाही ते गुडघ्यांनी दाखवलं. त्याने स्टूल पुढे ओढलं, त्यावर कॅमेरा टेकवला आणि स्वतः जमिनीवर गुडघ्यांवर बसला. लोकांना वाटलं, तो प्रार्थना करतोय. एक म्हातारी क्रूस करून मोकळी झाली.

पहिला फोटो त्याने निघताच तपासला. स्वच्छ होता. सगळे होते, टीचर होत्या. काम झालं होतं.

तेवढ्यात बिनोयचा फोन वाजला. त्याने व्हिडिओ कॉल घेतला आणि फोन तसाच आईच्या चेहऱ्यावर, काचेपासून हातभर उंच, पडदा खाली करून धरला.

“चेट्टा, परत ट्यूबच दिसतेय,” फोनमधून लिजी म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “अविराच्चायन आले का?”

“आलोय, मोळे,” अविराचन खालूनच म्हणाला.

“तुम्हाला दिसते अम्मच्ची?”

“दिसते.”

“कशी दिसते?”

त्याने पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं.

“दमलेली. शाळा सुटल्यावर घरी यायची तशी.”

पलीकडे तिने नाक ओढलं. मग ती म्हणाली, “सगळे उभे आहेत का फोटोला?”

“आहेत.”

“बरं,” लिजी म्हणाली.

त्या ‘बरं’ने त्याला दुखलं. परदेशी राहिलेल्यांची जागा प्रत्येक अल्बममध्ये असायची. उशाशी दोघांच्या मध्ये एक हातभर फट, जी कोणी मुद्दाम सोडत नसे आणि तरी सुटायची. इथेही बिनोयच्या डाव्या बाजूला होती. आजवर कितीतरी फटींचे फोटो त्याने काढून दिले होते.

त्याने रिंगला हात लावला आणि ती हळूहळू उलटी फिरवली. ट्यूबची एक पुसट रेघ काचेच्या कडेला आली. आणखी थोडी. मग टीचरांच्या गालाशेजारी, काचेत, फोनचा उजळ चौकोन उमटला. त्यात लिजीचं रडवेलं, बोटाएवढं तोंड होतं. तिथेच त्याने रिंग थांबवली.

“अच्चाया, काचेवर परत काहीतरी आलं,” कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत मागून कोणीतरी म्हणालं. “फिरवा ना ते.”

“असू दे.”

बिनोय वाकला, त्याने काचेत नीट पाहिलं, आणि इतके दिवस सगळं खंबीरपणे करणाऱ्या त्याने दुसऱ्या हाताने डोळे पुसले, तसा फोन हलला. बाहेर मांडवात लोक उठून उभे राहिले. अच्चन आले होते.

“फोन हलवू नकोस,” अविराचन म्हणाला. “तिला नीट उभी राहू दे.”