सकाळी रोवलेल्या पऱ्हाट्या

पाहणी समितीची जीप यायला थोडाच वेळ होता, आणि कॉलेजच्या बागेत माळी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवत होता. सुनंदा बघतच राहिली. माती भुसभुशीत केलेली, वर पाणी मारलेलं.

"हे काय सर?"

"प्रात्यक्षिक इथंच करायचं," विभागप्रमुख पंडित सर म्हणाले. "तुझं यंत्र शेतात वाकतं, ठाऊक आहे ना? पैशांचा दुसरा हप्ता हवा असेल तर गप्प उभी राहा."

सुनंदा शिरपूरकडची. कापूस वेचून झाला की शेतात उरलेल्या पऱ्हाट्या उपटताना आईचे, भिकुबाईचे, तळहात फोडांनी भरायचे. म्हणून तिनं दोन चाकांचं, लांब दांडीचं यंत्र काढलं होतं. जबड्यात खोड धरायचं, दांडी दाबायची. विद्यापीठानं त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या यंत्रांना पैसे द्यायचं ठरवलं, त्यात धुळ्याच्या या कॉलेजातून तिची एकटीची निवड झाली होती.

जळगावहून विद्यापीठाची समिती आली. चहापाणी झालं. सरांनी खूण केली. सुनंदानं दांडीला हात लावला आणि काढून घेतला.

"साहेब, या पऱ्हाट्या सकाळी रोवल्यात. बोटानं ओढली तरी निघेल. यंत्र बघायचं असेल तर समोरच्या शेतात चला."

सरांचा चेहरा पडला. "पोरगी घाबरलीय," ते हसून म्हणाले. पण तिनं यंत्र ओढत फाटकाबाहेर काढलंसुद्धा. समितीला मागे जावंच लागलं.

काळी जमीन वाळून दगड झाली होती. पहिली पऱ्हाटी मुळासकट आली. दुसरीही आली. तिसरीला जबडा वाकला.

"म्हणजे अपयशच," अध्यक्ष म्हणाले. "सरकारी पैसा वाया घालवलात."

सुनंदाची कानशिलं तापली. "वाया कसा? लोखंड कुठं कमी पडतं, ते आज तुमच्यासमोर कळलं. तयार यंत्र असतं तर मी कारखान्यात गेले असते साहेब, तुमच्या दारात कशाला आले असते? आणि बागेतल्या चिखलावर शिक्का मारून घेतला असता, तर शेतात बायांनी मला शिव्या घातल्या असत्या."

संध्याकाळी निकाल कळला. दुसरा हप्ता बंद, यंत्र विभागात जमा करायचं.

"जमा नाही करणार," ती सरांना म्हणाली. "अपयशी आहे ना? मग त्याचं तुम्हाला काय काम?"

दोन मैत्रिणींच्या मदतीनं तिनं ते एसटीच्या टपावर चढवलं. कंडक्टर कुरकुरला, तर ती त्याच्याशीही भांडली.

शिरपूरच्या भंगारवाल्याकडून तिनं ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला, लोहाराकडून त्याचा जबडा करून घेतला. तो वाकला नाही, पण तुटला. मग जाड पाटा आणला. त्या जबड्यानं भिकुबाईनं पऱ्हाट्यांची अख्खी ओळ मोकळी केली आणि दांडीला टेकून उभी राहिली.

"कंबर दुखनी नही, पोरी. पन दांडी जराशी धाकली कर. मन्हा हात पुरत नही."

सुनंदा करवत आणायला घरात गेली. त्याच आठवड्यात पंडित सरांचा निरोप आला: कॉलेजच्या प्रदर्शनात मांडायला यंत्र घेऊन ये.

तिनं निरोप्यालाच सांगितलं, "यंत्र कामात आहे. सध्या मोकळं नाही, म्हणावं."