ओढ्याकाठचा अस्वलपाला

दर वसंतात सोल शहरातून शाळेची मुलं यायची आणि ओकबुन आजी त्यांना कांगवॉनच्या डोंगरावर रानभाज्या ओळखायला न्यायची. चालायला लागण्याआधीच ती सांगायची, "पान नंतर बघा. आधी ते उभं कुठं आहे ते बघा. अस्वलपाला सावलीत, उतारावर राहतो. त्याच्यासारखाच दिसणारा कुणी ओढ्यात पाय बुडवून उभा असला, तर तो विषारी. हात लावायचा नाही."

"आजी, अस्वलाला पाणी आवडत नाही का?" यंदा आलेल्या येरिननं विचारलं. सात वर्षांची पोर, प्रश्नांचं गाठोडंच.

"अस्वलाला आवडतं. पाल्याला नाही."

पण ओढ्याच्या वळणावर सगळी मुलं ओरडली, "आजी चुकली! आजी चुकली!" काठच्या ओल्या मातीत अस्वलपाला उभा होता. पानांच्या कडांना बारीक दाते, चोळलं की तोच वास. फक्त ओळीत उभा होता, शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा.

आजीनं बुंध्याशी बोट खुपसलं. खाली रोपवाटिकेच्या काळ्या मातीचा चौकोनी गड्डा, त्यात खताचे पिवळे गोळे आणि कोंबडीच्या विष्ठेचा भपकारा.

"डोंगरानं दिलंय, पोरांनो, घ्या!" मागून तिचा दीर दोकसू आला. यंदा सहल त्यानंच ठरवली होती. तो एक पान तोंडात कोंबून रवंथ करत होता.

"हे तू लावलंस?"

"हळू बोला वहिनी. गेल्या साली लोकांनी डोंगर ओरबाडून नेला. पोरांना काय रिकाम्या पिशव्या घेऊन पाठवायचं?"

"पण पाण्याकाठी?"

"मग काय वर बादल्या वाहू? भाजीच आहे, विष नाही." हिरवी लाळ त्याच्या हनुवटीवर आली होती. त्यानं ती बाहीला पुसली.

तेवढ्यात येरिन धावत आली. "आजी, पुढं अजून खूप आहे!" तिच्या पिशवीत गुळगुळीत, चकचकीत पानं होती. दाते बोथट. वास काहीच नाही.

"ही पाण्यातली आहेत ना गं?"

"हो. पण तो पण पाण्यातच होता की."

आजीनं इतर पिशव्यांत डोकावलं. सगळ्यांत दोन्ही पानं मिसळलेली.

"गुपचूप निवडून टाका," दोकसू तिच्या कानाशी आला. त्याच्या तोंडाला लसणाचा आणि खताचा वास येत होता. "गावातली पाहुण्यांना भाड्यानं द्यायची घरं याच सहलीवर भरतात. तोंड उघडलंत तर पुढच्या वर्षी कुत्रं फिरकणार नाही."

आजी एक पाऊल मागे सरली. मग मुलांना म्हणाली, "पिशव्या इथं दगडावर ओता. सगळ्या. हा पाला डोंगराचा नाही, काकांनी आणून लावलाय. आणि त्याच्या शेजारचा विषारी आहे. कुणी चाखला का? खरं सांगा, मी रागवणार नाही."

कुणी चाखला नव्हता. तरी तिनं एकेकाला जीभ दाखवायला लावली, ओढ्यात हात धुवायला लावले. ओला पाला ढिगात पडून राहिला. मुलांबरोबर आलेल्या शिक्षिका फोन कानाला लावून दूर गेल्या.

"झालं समाधान?" दोकसू म्हणाला.

जेवणाच्या वेळी आजी एकटी वरच्या उतारावर चढली. गुडघे कुरकुरत होते. सावलीतला पाला पुरता एक मूठही निघाला नाही. तो तिनं खाली येऊन नीट धुतला, एका पानात भात आणि सोयाबीनची चटणी गुंडाळली आणि घास येरिनसमोर धरला.

येरिननं पानाकडे बघितलंच नाही. ती आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मला भूक नाही," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटले.

आजीनं आग्रह केला नाही. घास हातातच राहिला.

"द्या इकडं, वाया कशाला जाऊ द्यायचा," म्हणत दोकसूनं तो तिच्या हातातून उचलला आणि एका झटक्यात तोंडात टाकला. "फक्कड!" भाताची शितं उडवत तो म्हणाला.

त्याची बोटं लागली होती तो हात आजीनं ओढ्यात बुडवला आणि वाळूनं घासत राहिली.