सोमवारचं वजन

त्या सकाळी शिवगंगाने गोळ्यांची डबी परसातल्या केरात फेकली आणि चहाला उकळी फुटायच्या आत स्वतःच जाऊन उचलून आणली. पदराला पुसली. साखरेऐवजी चहात टाकायच्या त्या गोळ्या. डबीचं बूड दाबलं की टक् करून एक बाहेर पडायची. आज दाबलं तर दोन पडल्या. "मेली, हीसुद्धा माझ्याच जिवावर उठलीय," म्हणत तिने दुसरी चमच्याने काढायची खटपट केली, पण ती केव्हाच विरघळली होती. चहा इतका गोड झाला की शेवटी घशाला कडू लागला.

वजन उतरवायचं होतं, आणि ते काही लग्नाच्या फोटोत बारीक दिसायला नाही. तिच्या नवऱ्याच्या, रुद्रप्पांच्या, दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दिंद्रुडहून माजलगावला न्यायचं, डायलिसिसच्या मशीनला लावायचं, पिळून काढल्यासारखा माणूस घरी आणायचा. मुलगा वीरेश, त्याचा रक्तगट जुळेना. शिवगंगाचा जुळला. तिला तर हात जोडावेत की नाचावं ते कळेना. पण संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मावशी, इतक्या वजनावर तुमचं ऑपरेशन नाही करता येणार. पंच्याहत्तरच्या खाली आलात की या. मग तपासण्या सुरू करू." तेव्हा ती ब्याऐंशी किलोची होती.

ही दिवाळीतली गोष्ट. आता शिवरात्र तोंडावर आली होती आणि काटा ऐंशीवरून हलायला तयार नव्हता.

काटा म्हणजे दुकानातला. दिंद्रुडच्या बाजारात रुद्रप्पांचं, म्हणजे गावाच्या आप्पांचं, किराणा आणि भुसाराचं दुकान, आणि त्या काट्याचं नाव पार चार गावांत. दोन शेतकऱ्यांची वजनावरून जुंपली की तिसरा म्हणायचा, "चला आप्पाच्या काट्यावर," आणि भांडण तिथेच मिटायचं. कारखान्याच्या काट्यावर ऊस किती गळाला याच्या कहाण्या सांगणारी माणसंसुद्धा या काट्यापुढे गप्प बसत. रुद्रप्पा रोज सकाळी त्याला भस्माची तीन बोटं ओढत, उदबत्ती लावत, आणि गिऱ्हाइकाला आकडा नेहमी मोठ्याने वाचून दाखवत. आयुष्यात त्यांनी कुणाला काटा मारला नव्हता. त्याचा त्यांना गर्व होता आणि शिवगंगाला त्यांच्यापेक्षा जास्त.

अशा काट्यावर पाय देऊन उभं राहायचं म्हणजे तिच्या अंगावर शहारा यायचा. रुद्रप्पांनीच तोड काढली होती. "सोमवारी सांच्याला, दुकान बंद केल्यावर. मी धरतो तुला. पर मी असल्याबिगर काट्यावर पाय देऊ नगं." मग दर सोमवारी ती उघड्या पायांनी काट्यावर चढायची, ते मागे उभे राहून तिचा दंड धरायचे, आणि समोरच्या खांबावरचे लाल आकडे नाचायला लागायचे. पोत्याचं वजन कसं टाकल्याबरोबर ठरायचं. तिचंच मेलं वरखाली व्हायचं, ऐंशीच्या आसपास घुटमळायचं आणि मग बसायचं.

"माजंच कावून असं नाचतंय हो?"

"पोतं श्वास घेत न्हाई. माणूस घेतो," रुद्रप्पा म्हणायचे.

ती उतरली की ते काटा पाण्याने धुऊन काढायचे, भस्म लावायचे, दोन्ही कान पकडायचे. बायकोचे पाय लागले म्हणून एवढं प्रायश्चित्त! शिवगंगाला ओशाळल्यासारखं व्हायचं.

गोळ्या आणल्या त्या सुनेने, शिवानीने. चहा हे शिवगंगाचं एकमेव व्यसन. दिवसाचे सहा-सात कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, तेही शीग लावून. शिवानी म्हणाली, "आत्या, तेवढी साखर गेली तरी लई फरक पडंल." शिवगंगाने साखर सोडली. भात सोडला. संक्रांतीला बायकांनी हातावर ठेवलेला तिळगूळ कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधला आणि घरी येऊन नातवाला दिला. आणि सोमवारी काटा म्हणाला, ऐंशी.

मग तिच्या डोक्यात भुंगा शिरला. गोळ्यांनी उतरतं की वाढतं? शेजारची भिवराबाई म्हणाली, "माज्या भावजयीनं वर्षभर खाल्ल्या. व्हती त्याच्या दीडपट झाली." शिवानी म्हणायची, "त्या गोळ्या खाऊन वर तळलेलं खात असतील." आणि रुद्रप्पा, जे एरवी फोनवर बाजारभाव सोडून काही पाहत नसत, ते चष्मा कपाळावरून खाली ओढून म्हणायचे, "हे बघ, यात लिवलंय. जिभेला गोड लागतं, पोटात काय पडत न्हाई, मग भूक खवळती. तुजं काय चुकत न्हाई गंगा, तुज्या अंगाला मानवंना झालंय. सोड हा नाद."

खवळायची खरी. चहा पिऊन तासाभरात पोटात आग पडायची. एकदा तिने डब्यातून मूठभर शेंगदाणे काढून दाराआड उभ्या उभ्या खाल्ले, आणि मग त्या मुठीपायी सबंध आठवडा स्वतःला शिव्या घातल्या. नवऱ्याचा जीव माझ्या अंगावरच्या चरबीत अडकलाय आणि मी शेंगदाणे खाते. गोळ्या बंद केल्या, कोरा कडू चहा प्यायली, डोकं दुखलं. पुन्हा सुरू केल्या. रात्री कूस बदलली की आपल्याच पोटाला हात लागायचा आणि तिला त्याची घाण वाटायची. चोळ्या सैल झाल्या होत्या, शिवानी म्हणालीही, "आत्या, बारीक झालात की!" त्यावर शिवगंगा खेकसली, "चोळीला काय कळतंय? आप्पाच्या काट्याला कळतं."

त्या शुक्रवारी माजलगावला मशीनवरून उठताना रुद्रप्पांना घेरी आली. एरवी बरोबरच्या माणसांना बाहेर बसवत; त्या दिवशी सिस्टरने तिला आत बोलावलं. "मावशी, धरा यांना, वजन घ्यायचंय." मशीनवर जायच्या आधी आणि नंतर वजन घेतात, किती पाणी निघालं ते पाहायला. दोन किलोच्या वर निघालं होतं.

"तुमचं बरंय," शिवगंगा म्हणाली, "चार तासांत दोन किलो. मला तेवढ्याला चार म्हैने लागले." रुद्रप्पा हसले नाहीत.

ते खाटेवर टेकले आणि तिची नजर त्या काट्यावर गेली. कुणी पाहत नव्हतं. चपला काढून ती पटकन उभी राहिली. आकडा नाचला नाही. एकदम बसला. चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन.

"सिस्टर, ह्यो काटा बिघडलाय तुमचा."

"काय बोलताय! या काट्यावर पेशंटचं पाणी ठरतं. कालच तपासून गेलेत."

तिला खरं वाटेना. दवाखान्याचा काटा आणि आप्पाचा काटा यांत खोटा कोण, हे दिंद्रुडात कुणाला विचारावं लागलं नसतं. तरी जाता जाता तिने तिथल्या तरुण डॉक्टरला गाठलं आणि गोळ्यांचं विचारलं. तो म्हणाला, "साखर सुटायला मदत होते, मावशी. पण गोळीच्या भरवशावर बाकीचं खात सुटलं तर नाही उतरत. लांबच्या काळात काय होतं, त्यावर अजून वाद चालू आहे." तिला हो की नाही हवं होतं. तिने मान डोलावली आणि काहीच न कळता बाहेर आली.

गाडीत तिला दुसरीच धास्ती बसली. समजा आपलाच काटा बिघडला असेल तर? पाच-सहा किलो जास्त दाखवत असेल तर? म्हणजे चार महिने आपण गिऱ्हाइकांना लुबाडतोय! यांच्या कानावर हे गेलं तर आजाराआधी हेच यांना नेईल. शेजारी रुद्रप्पा डोळे मिटून बसले होते. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर ते झोपले. शिवानी मुलाला आणायला शाळेत गेली होती. शिवगंगाने दुकानाचं मधलं दार उघडलं. पन्नास किलोचं साखरेचं पोतं, तोंड शिवलेलं, काट्याच्या शेजारीच होतं. तिने ते हिसके देत, धापा टाकत काट्यावर ओढलं. पन्नास आणि बारदानाचं थोडं वर. चोख. तिचा जीव भांड्यात पडला. नाव राहिलं.

पोतं ढकलून तिने पाय पुसले, मनात महादेवाची माफी मागितली आणि एकटी वर चढली. आकडा पोत्यासारखा पटकन बसला. चौऱ्याहत्तर.

ती उतरली. पुन्हा चढली. चौऱ्याहत्तर. आणि मग ती तशीच उभी राहून मागे पाहू लागली, जिथे दर सोमवारी ते उभे असतात तिथे. काट्याची कड, त्यावर पसरणारा आपल्या लुगड्याचा घोळ, आणि त्या घोळाखाली सहज मावेल एवढी एका पावलाची जागा. नाचणारे आकडे. तुजं काय चुकत न्हाई गंगा. सोड हा नाद.

आधी तिला राग आला. असा की आत जाऊन त्या झोपलेल्या माणसाला गदागदा हलवावं. मूठभर शेंगदाण्यांसाठी मी स्वतःला खुनी म्हणत होते आणि हा माणूस मागे उभा राहून पायाच्या अंगठ्याने ऐंशी मोजत होता! तो अंगठाही कसा तरबेज, ना किलो इकडे ना तिकडे. मग तिला रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा राग. शनिवार-रविवार तिने घरात भांडी आपटली. भिवराबाईने गोळ्यांचं काहीतरी काढलं तर तिच्यावरच उखडली. रुद्रप्पांना ताट वाढताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायाकडे पाहिलं. सुजलेलं पाऊल, नखं पिवळी पडलेली.

सोमवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं. रुद्रप्पांनी नेहमीसारखं काट्यावर फडकं मारलं. शिवगंगा चढली. त्यांनी दंड धरला. आकडे नाचू लागले, सत्त्याहत्तर, एक्याऐंशी, ऐंशी.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पाय उचला," ती म्हणाली.

दंडावरची बोटं घट्ट झाली. रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला.

"आप्पा, पाय उचला म्हणते मी."

आकडा खाली घसरला आणि बसला.

"वाचा. गिऱ्हाइकाला वाचता तसं."

"गंगा..."

"मोठ्यानं वाचा."

"चौऱ्याहत्तर," रुद्रप्पा म्हणाले. "वीरेशच्या जन्माच्या वक्ताला तुला स्ट्रेचरवरनं भायेर आणलेली मी बघितलीय. पांढरीफट. डॉक्टर म्हणला व्हता, आशा सोडा. परत माज्यासाठी तुज्या अंगाला सुरी लावू देऊ? मला वाटलं, तू गोळ्यांना शिव्या देशील, कंटाळशील, सोडून देशील."

"गोळ्यांना न्हाई दिल्या. मला दिल्या. रोज." ती आता वळली होती, काट्यावरच. आकडे पुन्हा हलत होते, पण तिकडे कोण पाहतंय. "तुमी गेल्यावर मी जगायचं, हे कुणी ठरवलं? मला इच्यारलं का? सगळ्या गावाला चोख मोजलंत, अन् मलाच मारलात काटा."

खाली पाहत ते नुसते उभे राहिले, आणि चार गावांचा आप्पा तिला शाळेत चोरी पकडलेल्या पोरासारखा दिसला. तिचा राग अजून गेला नव्हता. पण त्या रागाला धरून राहायला तिला वेळ नव्हता.

"शिवानी!" तिने आत हाक दिली. "संभाजीनगरच्या दवाखान्यात फोन लाव. म्हणावं, ह्या हप्त्यात येतो. अन् चहा टाक. माज्या कपात गोळी एकच."

ती काट्यावरून उतरली. रुद्रप्पा सवयीने कोपऱ्यातल्या बादलीकडे गेले, फडकं भिजवलं आणि काट्याशी वाकले. पाण्याचे थेंब टपटप पत्र्यावर पडले. इतके सोमवार ते काय धूत होते, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आज धुण्यासारखं काय झालं न्हाई."