वॉल्वची भुणभुण

“हा बी वॉल्व जळाला, ताई,” फ्रीजच्या पाठीमागे गुडघे टेकलेल्या अवस्थेतच मी निर्णय जाहीर केला. “नवाच खराब आला.”

“जळाला कसा, परातेभाऊ?” ताराताई ओट्याजवळून म्हणाल्या. “चांगला भुणभुणून राहिला ना तो!”

माझा हात थांबला. सदर वॉल्व मी स्वतः आठ दिवसांपूर्वी बसविला होता. फ्रीजमधील बर्फ करणाऱ्या यंत्रास पाणी सोडणे हे त्याचे कार्य. वीज मिळताच तो बारीक आवाज करतो. आवाज नसेल तर तो मेला असे समजावे, हा माझा तीस वर्षांचा नियम. आणि मजला काहीही ऐकू आले नव्हते.

मी त्यावर तळहात ठेवला. तो थरथरत होता.

“मागच्या वेळीही अस्साच आवाज होता,” त्या सहज म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला ऐकू येतच असेल.”

म्हणजे आठ दिवसांपूर्वी मी एक निर्दोष वॉल्व काढून फेकला होता.

माणसांचे बोलणे मला समजते. बारीक आवाज तेवढे कुठे तरी गळून पडतात. आमच्या वडिलांचे कान यंत्रमागाच्या खडखडाटाने गेले. माग सोडून मी या धंद्यात आलो, परंतु कानांनी वडिलांचाच मार्ग धरला. दोन वर्षे मी ही गोष्ट सर्वांपासून लपविली. फक्त पत्नी अनुसया जाणते. “तुमच्याशी बोलन्यापरीस भिंतीशी बोललेलं बरं,” असे ती म्हणते, आणि मग हसत नाही. आमचे साहेब संजीव वयाने लहान आहेत. त्यांनी मागच्याच महिन्यात बजावले होते, “काका, आता एक बी कम्प्लेंट वापस आली तं तुमाले घरोघरी पाठवता येनार नाई. गोदामात बसा लागन.”

“काय म्हणतात फ्रीजचे डॉक्टरसाहेब?” आतल्या खोलीतून ताराताईंचे यजमान मुकुंदराव यांनी विचारले. त्यांचे डायलिसिस चालू आहे. पाणी मोजून मिळते. मे महिन्याच्या नागपुरात तहान बर्फाच्या लहानशा तुकड्यावर भागवावी लागते. “बर्फ द्या बुवा. ही ट्रेमधला बत्त्याने फोडते, तर वाटतं माझंच डोकं फोडून राहिली!”

“ते फोडून काय निघणार आहे?” ताराताई उत्तरल्या.

मी वरचा कप्पा रिकामा केला. जेथून पाणी साच्यात पडते त्या नळीचे तोंड बर्फाने बंद झाले होते. फिल्टर क्षाराने भरल्यामुळे पाण्याची धार दोऱ्याएवढी बारीक झाली होती, आणि अशी धार नळीतच गोठते. मागील वेळी फ्रीज तासभर बंद राहिल्याने तो बर्फ वितळला, यंत्र दोन दिवस चालले आणि मी त्याचे श्रेय घेतले. खरा दोष मात्र जागच्या जागीच राहिला.

गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने मी नळी मोकळी केली. फिल्टर बदलला.

“ताई, पानी पडून राहिलं का साच्यात? ऐका बरं.”

त्या कान देऊन उभ्या राहिल्या. “हो. आता धार मोठी आहे.”

जवळजवळ दोन तासांनी पहिला बर्फ पडला. मुकुंदरावांनी तुकडा तोंडात धरला आणि डोळे मिटले.

मी कामाचा कागद काढून सावकाश लिहिले : ‘प्रथम भेटीतील निदान चुकीचे होते. वॉल्व चांगला होता. त्याचा आवाज मला ऐकू आला नाही.’ खाली ग्राहकाची सही लागते, म्हणून कागद ताराताईंपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “हे काहून लिहिता? वॉल्वच खराब निघाला असं लिहा. आम्ही कशाला सांगायला जातो?”

“साहेब मले गोदामात बसवतीन, मालूम आहे मले,” मी म्हणालो. “पन आज तुमी होत्या म्हनून समजलं. उद्याच्या घरी कोन सांगन? तिथं बी मी चांगला वॉल्व फेकीन, आन एखादा मानूस दिवसचे दिवस बर्फाची वाट पाहत राहीन.”

त्यांनी पेन हातात घेतले, तरी सही करण्यास बराच वेळ लावला.

मी पिशवी आवरली. त्या दारापर्यंत आल्या, माझ्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाल्या, “परातेभाऊ! पायऱ्या! सांभाळून! उतरा!”

साध्या आवाजातही मला ते ऐकू आले असते. मी मान हलविली आणि कठड्याला धरून उतरू लागलो.