देवीची डावी कळी

वॉल्टरच्या त्या पत्राला पुंडलिकरावांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. तरुणपणी हा अमेरिकन पोरगा अळणावरजवळच्या त्यांच्या गावी कोंबडीपालन शिकवायला आला, त्यांच्याच घरी राहिला आणि पुढे मायदेशी जाऊन निवडून आला, तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, जाऊन बसला. तिथून त्यानं लिहिलं होतं: ‘लढाईच्या खर्चाविरुद्ध मत दिलं तर लोक मला पुन्हा निवडून देणार नाहीत. फार भीती वाटते. विरोधात मत देऊ का, असा तुमच्या देवीला माझ्यासाठी कौल लाव.’

पुंडलिकरावांनी लावला. भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या अंगावर दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

खरं कळवावं तर भ्यालेल्याला आणखी भिववायचं. खोटं कळवावं तर देवीचा कोप. ते गप्प बसले. वॉल्टरनं मात्र विरोधात मत दिलं, पुढच्याच निवडणुकीत आपटला आणि परत कोंबड्यांकडे गेला.

आता त्याच्या मुलीचं पत्र आलं होतं: ‘बाबा अखेरच्या दुखण्यात आहेत. कौल वाईट असता तर पुंडलिकनं लगेच कळवलं असतं, म्हणजे देवी माझ्या पाठीशी होती, असं ते जन्मभर सांगत आले. आता सारखं विचारतात, उजवीच पडली होती ना?’

शहरात, देशपांडे नगरातल्या आपल्या घरात पुंडलिकरावांनी ते पत्र पुन्हा वाचलं. खरं ऐकून तिकडे त्याचा जीवच गेला तर?

“उजवी म्हणून लिहून टाकू?” त्यांनी बायकोला विचारलं.

मालतीबाई भेंडी चिरायच्या थांबल्या. “देवीच्या नावानं? जीभ झडेल हो!”

“मग राहू दे. गप्प बसतो.”

“जन्मभर गप्पच बसलाय की! त्यानं एवढ्या लोकांच्या तोंडावर नाही म्हटलं, तुम्हाला कागदावर लिहवेना?”

“अगं, त्याला देवीचा आधार होता.”

“कुठं होता?”

पुंडलिकरावांनी कागद काढले. मग लिहायला बसले. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर लिहिलं: ‘डावी पडली होती, वॉल्टर. मी भ्यालो, म्हणून कळवलं नाही. तू विरोधात मत दिलंस तेव्हा तुझ्या पाठीशी कुणीच नव्हतं. ते धाडस तुझं एकट्याचं.’

पोस्टातल्या बाईनं पाकिटावर धपकन शिक्का मारला. ते दचकले.

“इन्नेनु, अज्जा? अजून काही?”

“ते... परत मिळेल का?”

“गेलं की आता,” म्हणत तिनं पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.